पदर सावरण्याचं निमित्त

कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला मुरुगनाच्या दर्शनाला साठ पायऱ्या चढाव्या लागतात; प्रत्येक पायरी एका संवत्सराची. तंजावरच्या मराठी राज्यापासून इथे राहिलेल्या घरांतली माणसंही त्या चढतात. तिथे जरा वेळ थांबलं की एक गोष्ट दिसते. धाप लागली की आजोबा सरळ पायरीवर बसतात. आजी पदर सावरायचं निमित्त करून थांबतात आणि म्हणतात, ‘वयच झालं आता.’

हे दर वेळी वयच असतं असं नाही. कधी कधी ते ‘हार्ट फेल्युअर’ असतं. म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. शरीराला लागेल तेवढं रक्त पुरवताना ते कमी पडतं. या आजारात चालण्या-चढण्याची ताकद मोजली, तर बायकांचा आकडा बहुधा पुरुषांपेक्षा खाली येतो. अ‍ॅडॉल्फ फिकने 1870 मध्ये मांडलेला हिशेब इथे कामी येतो: हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं आणि त्या रक्तातून स्नायू किती प्राणवायू काढून घेतात, या दोन्हींचा गुणाकार. बायकांचं हृदय लहान, स्नायू कमी आणि हिमोग्लोबिनही कमी. त्यात आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के होतं.

शिवाय बायकांमध्ये हृदय ताठर होण्याचा प्रकार जास्त. ते आकुंचन नीट पावतं, पण सैल पडून नीट भरत नाही. म्हणून आडवं पडून काढलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ‘पंपिंग चांगलं’ येतं आणि पायऱ्या चढताना मात्र फुप्फुसांतला दाब वाढून दम कोंडतो. रिपोर्ट चांगला म्हणून बाईची तक्रार मनाचा खेळ ठरावी, याचं मला फार वाईट वाटतं.

व्यायामाने बरं वाटतं का? ‘एचएफ-अ‍ॅक्शन’ या मोठ्या चाचणीत कमी पंपिंगचे 2331 रुग्ण होते, त्यांत बायका जेमतेम 28 टक्के. देखरेखीखालच्या व्यायामाने बायका आणि पुरुष दोघांचीही ताकद सारखीच वाढली. पण मृत्यू किंवा इस्पितळात भरती होण्याचा धोका बायकांमध्ये सुमारे 26 टक्क्यांनी कमी दिसला, पुरुषांत तो जवळपास बदलला नाही. असं असूनही घरात सकाळी फिरायला बाहेर पडतात ते बहुधा आजोबाच.

मागच्या वर्षी चाळिसाव्या पायरीवर थांबणारी आजी यंदा पंचविसाव्या पायरीवरच पदर सावरू लागली असेल, पायांवर सूज असेल, रात्री दोन उशा लागत असतील, तर डॉक्टरांना हे आकड्यांसकट सांगा.