होडीवरचा राखणदार

मंडळी, होडी खाडीत नांगरून धनी घरी निजतो. पण जाळी, डिझेल, बॅटरी, मशीन हे सारे होडीवरच राहते. कुणी शिरले की भोंगा वाजवणारे यंत्र बसवावे, हा विचार चांगलाच. परंतु घरासाठी बनवलेले यंत्र होडीवर जसेच्या तसे चालत नाही.

का बरे? अशा यंत्राचा डोळा बहुधा उष्णतेचे किरण ओळखतो. समोरून ऊबदार माणूस सरकला की त्याला फरक कळतो. उघड्यावर मात्र ऊन, पक्षी आणि डोलणारी होडीसुद्धा तसाच फरक घडवतात. मग भोंगा उगाच ओरडतो. चार रात्री असे झाले, की पाचव्या रात्री खऱ्या चोरालाही कुणी उठत नाही!

म्हणून हा डोळा बंद केबिनमध्ये, काचेकडे तोंड न करता बसवावा. सूक्ष्मलहरींचे यंत्र लाकडापलीकडची हालचालही टिपते, ते टाळावे. दाराला चुंबकाची कळ लावावी. दार उघडले तरच ती बोलते. केबिन नसेल तर मशीनमधून ओवलेली तार बरी. ती तोडताच भोंगा वाजतो.

आता बॅटरीचा हिशेब. 20 मिलिअँपिअर खाणारे यंत्र 30 दिवसांत सुमारे 14 अँपिअर-तास वीज संपवते. घेताना हा आकडा जरूर विचारा. नाहीतर चोर येणार नाही, पण सकाळी इंजिनही सुरू होणार नाही!

आणि होडी वस्तीपासून लांब असेल, तर फोनवर खबर देणारेच यंत्र घ्यावे. ऐकणारा नसेल तर भोंग्याचा उपयोग काय?