थेंबांचा हिशेब

पुण्याच्या रविवार पेठेत नीलगिरीचे तेल, कापूर आणि गुलाबपाणी सहज मिळते, आणि तिन्ही ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्तपणे वापरली जातात. पण धोका ठरतो तो मात्रेवरून. पानाफुलांत अत्यल्प असलेला अर्क ऊर्ध्वपातनाने कुपीत दाटलेला असतो. कापूर आणि नीलगिरी यांमुळे झटके आल्याच्या नोंदी दक्षिण भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी केल्या आहेत, प्रौढांतसुद्धा. लहान मुलांच्या पोटात चमचाभर तेल गेले, तरी जिवावर बेतू शकते.

आजीची ओवा-कापराची पुरचुंडी मग चालली कशी, हा आक्षेप रास्त आहे. बहुतेकदा ती दुरून हुंगली जाई, अर्क अंगाला चोळला जात नसे. तरी तान्ह्या बाळाजवळ कापूर ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्यांनी नीलगिरीचे तेल त्वचेला लावायचे तर 30 मिलिलिटर खोबरेलात सुमारे सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का, पुरेत. पाण्यात तेल विरघळत नाही, त्यामुळे बादलीत टाकलेले थेंब तसेच अंगाला चिकटतात. चुकून कोणी तेल प्यायले तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात उतरू शकते; कुपी बरोबर घेऊन लगेच रुग्णालय गाठा. गुलाबपाणी त्यामानाने सौम्य, पण ते निर्जंतुक नसते. डोळ्यांत घालू नये, उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी आणि वास बदलताच फेकावी.