बारा व्होल्टचा भरवसा

‘गाडी घेऊन या, नवा सेन्सर घेऊन येऊ नका,’ असं फोनवर सांगणारा वायरमन मला बघायचाच होता. मित्राची २००४ सालची अठराशे सीसीची पेट्रोल गाडी पावसाळ्यापासून कुरकुरत होती. सपाटीला ठीक चालायची. ज्योतिबाच्या चढाला लागली की दम टाकायची. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा आणि काही दिवसांनी आपोआप विझायचा. एका गॅरेजने स्कॅनर लावला. कोड निघाला पी ०१०२, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमधून सिग्नल कमी येतोय. त्यांनी नवा सेन्सर बसवला. नऊ हजार रुपये. आठवड्याने दिवा पुन्हा लागला.

कोडमध्ये ‘सर्किट’ असं लिहिलेलं असतं. सर्किटमध्ये फ्यूज येतो, वायर येते, कनेक्टर, अर्थ, सेन्सर आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, येतो. यातली खोक्यातून सुटी विकत मिळणारी वस्तू बहुतेक वेळा सेन्सर, म्हणून बदलला जातो तोच. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीतला निम्मा खर्च असाच होत असावा, असा माझा संशय आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गाळ्यात फोनवरचे ते वायरमन बसतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. आत शिरताच सोल्डर पेस्टचा वास येतो, किंचित गोडसर, घशाला लागणारा. मामांनी बॉनेट उघडून आधी बॅटरी तपासली, फ्यूज काढून बघितला, एअर फिल्टरनंतरची रबरी नळी चिरली आहे का ते बोटांनी चाचपलं. त्यात काही नव्हतं.

एअर फिल्टरच्या पुढे, हवेच्या वाटेत हा सेन्सर बसतो. त्यात प्लॅटिनमची बारीक तार असते. ती आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवायची, एवढंच सेन्सरचं काम. बशीतल्या चहावर फुंकर मारावी तशी हवा तारेला थंड करते. हवा जास्त तितका तार तापती ठेवायला करंट जास्त. तो करंट मोजून सेकंदाला किती ग्रॅम हवा आत गेली ते ईसीएमला कळतं, आणि साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल या हिशेबाने इंजेक्टर उघडतात. बॉशने ही तापत्या तारेची पद्धत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गाड्यांमध्ये आणली.

आता या तारेला करंटच पुरा मिळाला नाही तर? सपाटीला हवा थोडी, तेव्हा भागून जातं. चढाला हवा वाढते, करंट वाढत नाही, तार थंड पडते. ईसीएमला वाटतं हवा कमीच आहे, आणि नेमकं ताकद हवी तेव्हा पेट्रोल तोडलं जातं.

मामांनी कनेक्टर काढला, चावी फिरवली, मल्टिमीटर लावला. १२.४ व्होल्ट. ‘आधीच्यानं इथवर बघितलं असणार,’ ते म्हणाले. ‘बारा आलं, वायर चांगली, सेन्सर खराब.’ मग कनेक्टर परत बसवून गाडी चालू केली आणि मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून तोच व्होल्टेज पुन्हा मोजला. बॅटरीवर १४.१, सेन्सरपाशी ९ च्या खाली, तोही हलता. मीटर जवळजवळ करंट घेत नाही, म्हणून वायरचा एक धागा शिल्लक असला तरी बारा व्होल्ट दाखवतो. बारा व्होल्टचा हा भरवसा नऊ हजाराला पडला होता.

पुढचं काम मीटरचं नव्हतं. मामांनी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब काढला, दोन वायरींना लावलेला. एक टोक कनेक्टरच्या अर्थच्या पिनेला, दुसरं बॅटरीच्या प्लसला: लख्ख पेटला. अर्थ ठीक. मग सप्लायची पिन आणि बॅटरीचा मायनस: बल्ब विडीच्या टोकाएवढा लाल. तो तसाच लावून ठेवून ते हार्नेस हाताने दाबत, वाकवत फ्यूज बॉक्सच्या दिशेने इंच इंच सरकू लागले. नजर वायरवर नाही, बल्बवर. टेस्टरची सुई खुपसून का बघत नाही, असं मी विचारलं. ‘टोचायचं नाही. त्याच भोकातून पुढल्या पावसाळ्यात पाणी शिरतंय.’

बॅटरीच्या ट्रेखाली हात गेला आणि बल्ब एकदम उजळला. सोडला, मंदावला. दाबला, उजळला. एवढ्या साध्या गोष्टीने मी इतका खूश का झालो, सांगता येत नाही. पण मीही हात घालून दोनदा दाबून बघितलं.

टेप सोलल्यावर आत पीळ देऊन जोडलेला सांधा निघाला. कधीकाळी या गाडीला एलपीजी किट होतं. बसवणाऱ्याने चावीचा सप्लाय इथूनच उचलला होता. किट निघालं, सांधा राहिला. तांबं हिरवं पडून बोटाला पावडर लागत होती. मामांनी चांगलं तांबं लागेपर्यंत वायर मागे कापली, नवा तुकडा घालून डाग दिला, वर स्लीव्ह चढवून लायटरने आवळली.

चालू गाडीवर व्होल्टेज पुन्हा मोजला: बॅटरीपेक्षा जेमतेम ०.०५ ने कमी. कोड पुसले. आयडलिंगला स्कॅनरवर सेकंदाला २.३ ग्रॅम. मग मामांनी न सांगताच नवा सेन्सर उतरवून डिकीतला जुना बसवला. २.३ ग्रॅम.

सातशे रुपये झाले. मित्र म्हणाला, ‘मामा, एका सांध्याचे सातशे?’ नऊ हजार देताना त्याने घासाघीस केली नव्हती. वस्तू हातात मिळते तेव्हा आपण करत नाही. मामा बल्बच्या वायरी गुंडाळत होते. ‘सांध्याचे पन्नास धरा,’ ते म्हणाले, ‘आणि नवा सेन्सर दुकानदार घेतोय का बघा परत. जुना राहू दे लावलेला.’

दुकानदाराने घेतला नाही. इलेक्ट्रिकल माल परत घेतला जात नाही, अशी पाटी तिथे आधीपासूनच होती.