सूर्य माथ्यावर, नजर मात्र ढगाकडे

२१ जून हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस, हे आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलेले असते आणि बहुतेकांनी ते तिथेच सोडून दिलेले असते. २०१५ पासून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होऊ लागला, तेव्हापासून ही तारीख पुन्हा तोंडी आली. पण हा मोठा दिवस आपल्या स्वतःच्या अंगणात दिसतो कसा, असे कुणी विचारले तर उत्तर पटकन सुचत नाही.

नंदुरबारकरांना ते सहज पाहता येईल. दहा फुटांचा एक सरळ बांबू ओळंब्यात उभा करावा. या दिवशी नंदुरबारला सूर्याची खरी मध्यान्ह होते ती घड्याळाच्या बारा वाजता नव्हे, तर १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास. त्या क्षणी एवढ्या उंच बांबूची सावली पडते जेमतेम चार-साडेचार इंच, आणि तीही दक्षिणेकडे! वर्षातले दहा महिन्यांहून अधिक काळ दुपारची सावली उत्तरेला असते. या दिवसांत ती उलटी होते.

कारण साधे आहे. कर्कवृत्त आहे २३ अंश २६ मिनिटांवर आणि नंदुरबार शहर सुमारे २१ अंश २२ मिनिटांवर. म्हणजे मेच्या अखेरीस सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो, आपल्याला ओलांडून उत्तरेला जातो, २१ जूनला कर्कवृत्त गाठतो, तिथून परत फिरतो आणि जुलैच्या मध्याला पुन्हा एकदा डोक्यावर येतो. वर्षात दोनदा आपली सावली आपल्याच पायाखाली नाहीशी होते. इंग्लंड किंवा लिथुआनियातल्या माणसाला हे कधीच पाहायला मिळत नाही. तिथे सूर्य कधी माथ्यावर येतच नाही. आणि तरीही या दिवसाचा मोठा उत्सव होतो तो तिकडे. आपल्याकडे नाही. असे का?

उन्हाचा दुष्काळ

इंग्लंडमध्ये स्टोनहेंज नावाचे ठिकाण आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे प्रचंड शिळा वर्तुळात उभ्या केल्या गेल्या. मोठ्या दिवशी वर्तुळाच्या मध्यातून पाहिले, तर सूर्य बाहेरच्या ‘हील स्टोन’ नावाच्या शिळेच्या रोखाने उगवतो. त्या भागात या दिवशी साडेसोळा तासांहून अधिक काळ उजेड असतो आणि डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी तो आठ तासांहूनही कमी. नंदुरबारला हेच आकडे साधारण १३ तास २६ मिनिटे आणि १० तास ५० मिनिटे. आपल्याकडे उन्हाळा-हिवाळ्यातला फरक जेमतेम अडीच तासांच्या पुढचा, तर तिकडे पावणेनऊ तासांचा. अर्धे वर्ष अंधारात आणि गारठ्यात काढणाऱ्या माणसाला उजेडाच्या शिगेचा दिवस सणासारखा वाटला, तर त्यात नवल काय?

आज हा सण मनापासून करणारे जे लोक आहेत, ते स्वतःला ‘पेगन’ म्हणवतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खेड्यात राहणारा. ख्रिस्ती धर्म युरोपात पसरला, तेव्हा जुन्या देवांना धरून राहिलेल्यांना हा शब्द चिकटला. आपण ‘गावंढळ’ म्हणतो, काहीशा त्याच सुरात. विसाव्या शतकात काही मंडळींनी तो शब्द अभिमानाने उचलला. १९५१ साली ब्रिटनमधला चेटूकविरोधी जुना कायदा रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर या निवृत्त कस्टम्स अधिकाऱ्याने या जुन्या-नव्या पंथावर पुस्तक लिहिले. त्याच दशकात गार्डनर आणि त्यांचे मित्र रॉस निकोल्स यांच्या विचारांतून आठ सणांचे एक वर्षचक्र आकाराला आले. दोन अयनदिन, दोन समरात्रदिन आणि त्यांच्या मधोमध येणारे चार सण. मोठ्या दिवसाला आज अनेक जण ‘लिथा’ म्हणतात. हे नाव एका जुन्या इंग्रज महिन्यावरून घेतलेले. पण सणाला ते लावले गेले १९७४ साली, अमेरिकेत. म्हणजे सण प्राचीन वाटला तरी त्याची आजची मांडणी आपल्या वडीलधाऱ्यांच्या वयाची आहे.

म्हणून तो खोटा ठरतो का? तसे मुळीच नाही. २१ जूनच्या आदल्या रात्री हजारो माणसे स्टोनहेंजला जागतात, ढोल वाजवतात, फुलापानांचे मुकुट घालतात आणि पहाटे पूर्वेकडे तोंड करून उभी राहतात. १९८५ साली तिथल्या जत्रेला बंदी झाली, पोलीस आणि जत्रेकरूंमध्ये मोठा संघर्ष झाला, आणि पुढची अनेक वर्षे या दिवशी त्या शिळांपाशी जाणे लोकांना मना होते. २००० सालापासून ती वाट पुन्हा मोकळी झाली. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ असा लिहिला.

लिथुआनियाची कथा आणखी जवळची वाटावी अशी आहे. तिथे या सणाचे नाव ‘रासोस’. ‘रासा’ म्हणजे दव, आपल्या ‘रस’ या शब्दाचे सख्खे भावंड. अग्नीला तिथे ‘उग्निस’ म्हणतात आणि देवाला ‘दिएवास’. सोव्हिएत राजवटीत, १९६७ साली, योनास त्रिंकूनास आणि त्यांच्या सोबत्यांनी केर्नावे या प्राचीन ठिकाणी हा सण पुन्हा उघडपणे साजरा केला. रात्रभर होळी पेटवायची, तिच्यावरून उड्या घ्यायच्या, फुलांच्या चक्रावर दिवा ठेवून ते नदीत सोडायचे. त्यांच्या ‘रोमुवा’ या धर्मसंस्थेला युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत जावे लागले. तिथे २०२१ साली निकाल तिच्या बाजूने लागला आणि २०२४ च्या डिसेंबरात लिथुआनियाच्या संसदेने तिला मान्यता दिली.

या मंडळींची एक गोष्ट फार शिकण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियातले पेगन हाच मोठ्या दिवसाचा सण डिसेंबरात करतात, कारण तिथला मोठा दिवस तेव्हा असतो. तारीख इंग्लंडची म्हणून ती पाळलीच पाहिजे, असे त्यांना वाटत नाही. सण आपल्या डोक्यावरच्या आकाशाचा आणि पायाखालच्या मातीचा असला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. ही कसोटी आपल्याकडे लावली तर काय दिसते?

दुष्काळ पाण्याचा

खानदेशात उन्हाची काय मातब्बरी? मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून जातो. तापीकाठच्या शेतात ढेकळे भाजून निघालेली असतात. सूर्य आणखी थोडा वेळ थांबावा, अशी प्रार्थना इथे कोण करील? जूनच्या मध्याला पावसाळी वारे येऊन ठेपतात, आणि वर्षातल्या या सर्वांत मोठ्या दिवशी अनेकदा सूर्य दिसतच नाही. तो दिसला नाही, म्हणजे ढग आले, याचाच आनंद.

आपल्या परंपरेने सूर्याच्या वळणाकडे दुर्लक्ष केले, असे मात्र नाही. शरपंजरी पडलेले भीष्म उत्तरायणाची वाट पाहत राहिले, ही कथा घरोघरी माहीत आहे. दक्षिणायन ही देवांची रात्र मानली, त्यामुळे तिच्या आरंभाचा उत्सव झाला नाही. उत्सव झाला तो सूर्य उत्तरेला वळण्याचा. १९५७ साली सरकारने स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत आषाढाचा पहिला दिवस २२ जूनला येतो, तोही याच वळणाला धरून.

पण शेतकऱ्याने या दिवसाची खूण वेगळ्याच नावाने जपली आहे. पावसाळा तो सूर्याच्या नक्षत्रांवर मोजतो. ७-८ जूनला मृग लागते आणि २१-२२ जूनला सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो. आर्द्रा म्हणजे ओली! युरोपातला माणूस ज्या दिवशी सूर्याच्या शिगेचा सण करतो, जवळपास त्याच दिवशी आपला शेतकरी पंचांग उघडून ‘आर्द्राचे वाहन काय, बेडूक की उंदीर?’ हे पाहतो. हा मेळ कायमचा नाही. पृथ्वीच्या आसाच्या संथ फिरण्यामुळे तो साधारण ७२ वर्षांत एका दिवसाने सरकतो. आजच्या पिढ्यांना मात्र तो नेमका लाभला आहे. सूर्य तोच, दिवसही तोच. तिकडे तो उजेडाच्या मापाने मोजला, इकडे पाण्याच्या.

हिरव्या रानाचा सण

नंदुरबारहून उत्तरेला तळोदा, अक्कलकुवा, धडगावकडे निघाले, की सातपुड्याच्या रांगा सुरू होतात. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात दर दहा माणसांमागे जवळपास सात आदिवासी आहेत: भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, गावित. यांच्या पावसाळ्याच्या तोंडावरच्या सणाला बोलीनुसार नीलचारी, निलपी अशी नावे आहेत. नील म्हणजे इथे हिरवे. पहिल्या पावसानंतर रान हिरवे झाले, की त्या हिरवाईची पूजा करायची, देवाला दाणे वाहायचे, मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडायची आणि गुराढोरांचे व पिकांचे भले मागायचे. शेजारच्या डांग भागातल्या कोकणा आणि वारली घरांत असाच ‘तेरा’ सण असतो. तेरा म्हणजे रानअळू. त्याची कोवळी पाने आधी देवाला, मग माणसाला.

आधी देवाला, मग आपल्याला, या एका नियमात केवढे शहाणपण आहे! उगवत्या कोंबाला वाढायला चार दिवस मिळतात. उपाशी गुरे पहिल्याच हिरव्या चाऱ्यावर तुटून पडली, तर त्यांची पोटे फुगतात. कोवळी ज्वारी तर त्यांना विषासारखी बाधते. हे ज्ञान इथे पुस्तकात लिहून ठेवले नाही, सणात ठेवले.

या लोकांना सूर्याचे वावडे आहे, असेही नाही. वाघदेवाच्या लाकडी फळीवर वाघाबरोबर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. अग्नीचेही नाही, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पाहायला दुरून लोक येतात. उंच बांबूचा दांडा, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून, मोरपिसांचे टोप घालून रात्रभर नाचणारे बावा-बुध्या, आणि पहाटे पेटणारी होळी. केर्नावेच्या आगीची ती दूरची बहीण शोभावी. पण ती पेटते फाल्गुनात. इथे सर्वांत मोठी देवी मानली जाते ती याहामोगी, जिने दुष्काळात माणसांना धान्य पुरवले. ज्या गोष्टीची उणीव असते, तिच्याच भोवती सण उभा राहतो, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

कॅलेंडरात न मावणारा दिवस

नीलचारीला छापील तारीख नसते. पाऊस पडला, रान हिरवे झाले, की गावातली जाणती माणसे आणि पुजारा बसतात आणि दिवस ठरवतात. या गावाचा आज, तर पलीकडच्या गावाचा आठ दिवसांनी. होळीचेही इथे तसेच. गावोगावचे दिवस वेगवेगळे. स्टोनहेंजला जमणाऱ्यांना आपले वर्षचक्र जुन्या पोथ्या, लोकगीते आणि कल्पना जोडून नव्याने बांधावे लागले. मधली हजारेक वर्षे त्यांच्या हातून निसटली होती. सातपुड्यात धागा तुटलेला नाही. म्हणून इथल्या आदिवासींना परस्पर ‘पेगन’ म्हणून टाकणे बरोबर होणार नाही. इंग्रजी अमदानीतल्या जनगणनेने त्यांच्या श्रद्धेला ‘ॲनिमिस्ट’ असे लेबल लावून पाहिले होते. आपल्या श्रद्धेला काय म्हणायचे, हे त्यांनीच ठरवायचे आहे, आणि त्यावर त्यांच्यातही मोकळी चर्चा चालू आहे.

पण न तुटलेला धागाही विरतो. सरदार सरोवरामुळे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. अनेक कुटुंबे तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर वसाहतींत राहायला आली. घराच्या बदल्यात घर आणि शेताच्या बदल्यात शेत देता येते. पण ज्याचा देव एखादे झाड किंवा डोंगरातला खडक असतो, त्याला बदली देव कुठला द्यायचा? पावसाचेही आता खरे नसते. तो पहिली हजेरी लावतो आणि तीन-तीन आठवडे गायब होतो. हिरवाईवर बेतलेल्या सणाला ही लहर सर्वांत आधी लागते.

आणि एक अडचण अगदी साधी आहे. ज्या सणाला तारीख नाही, त्याला सुटीही नाही. शाळा उघडतात जूनच्या मध्याला, आणि त्यानंतरच कधीतरी गावात नीलचारी ठरते. तेव्हा गावातली पुष्कळ मुले घरापासून दूर, आश्रमशाळेच्या वसतिगृहात नव्या वह्यांना कव्हर घालत असतात. त्यांना योग दिनाची तारीख पाठ असते. आपल्या गावाचा हिरवा दिवस मात्र त्यांच्यावाचून होऊन जातो. अशी दोन-चार वर्षे गेली, की तो दिवस कसा ठरवायचा हे विचारायला कुणी उरत नाही.

मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या एक-दोन सुट्या शाळांना असतात. त्यातली एक या मुलांच्या गावांसाठी राखून ठेवायला फारसे काही लागत नाही. तारीख आधी लिहू नये, एवढेच. ती पाऊस पडल्यावर गावाने कळवायची, आणि शाळेने मुलांना घरी पाठवायचे.