काटा दोघांना दिसला पाहिजे

वऱ्हाडात शेतमजुरीचा हिशेब एकाच मापानं होत नाही. निंदण रोजानं, कापसाची वेचणी किलोवर, सोयाबीनची सोंगणी बहुधा एकराच्या गुत्त्यानं, आणि सालदार असेल तर वर्षाचा बोलीकरार. कोणतं काम कशावर मोजायचं हे इथल्या कास्तकाराला किंवा मजुराला कोणी शिकवत नाही. बार्शीटाकळीत बसून फ्रीलान्सर आणि त्यांच्या क्लायंटसाठी वेळेची नोंद ठेवणारं डेस्कटॉप अ‍ॅप बनवायला घेतलं, तेव्हा पहिला प्रश्न हाच होता. वेबसाइट ठरीव रकमेत करून देणं म्हणजे गुत्ता, तासाच्या दरानं करणं म्हणजे रोज. गुत्त्यात वेळ वाया गेला तर नुकसान काम करणाऱ्याचं, रोजात देणाऱ्याचं. म्हणून तासाचं काम देणाऱ्याला पुरावा हवा असतो.

हा पुरावा आज कसा घेतला जातो? अपवर्क हे या धंद्यातलं मोठं नाव, २०१५ आधी ते इलान्स-ओडेस्क होतं. त्यांचं डेस्कटॉप अ‍ॅप दर दहा मिनिटांच्या तुकड्यात कधीतरी एकदा स्क्रीनचा फोटो घेतं आणि कीबोर्डची बटणं व माउसच्या क्लिक मोजतं. कोणतं बटण दाबलं ते नोंदत नाही, फक्त किती. काम करणाऱ्याला तो फोटो काढून टाकता येतो, पण मग त्या तुकड्याचे पैसेही जातात. अनोळखी माणसानं अनोळखी माणसाला सात समुद्रापलीकडून पैसे द्यायचे, तर काहीतरी खात्री लागणारच, हे मला मान्य आहे. या पद्धतीमुळे अनेकांचे पैसे बुडायचे वाचले आहेत. पण बटणं मोजून काम मोजलं जात नाही, हे इथं एका मुलाशेजारी बसल्यावर लगेच दिसतं.

हा मुलगा एका परदेशी दुकानाची वेबसाइट करत होता. पानाची मांडणी जमत नव्हती. त्यानं लॅपटॉप सरकवला, वही काढली आणि पेन्सिलीनं चौकटी आखू लागला. एक खोडली, दुसरी काढली, खिडकीबाहेर बघत बसला. मान वर केली तेव्हा वेळ मोजणाऱ्या अ‍ॅपची पाटी स्क्रीनवर होती: हालचाल नाही, घड्याळ थांबवलं. तो म्हणाला, “भाऊ, कामच तं करत होतो मी, घड्याळ काऊन थांबलं?” त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्यानं त्याच वेळात केलं होतं. नंतरचं टायपिंग हा नुसता उतारा होता.

त्यामुळे आमच्या अ‍ॅपमध्ये सगळ्यात जास्त घासलेली गोष्ट म्हणजे स्क्रीनवर येणारी एक छोटी चौकट. कीबोर्ड-माउस शेवटचा कधी हलला हे विंडोज विचारलं की सांगतं, त्यात अवघड काही नाही. अवघड आहे ते त्या माहितीचं काय करायचं ते. आमचं घड्याळ आपणहून थांबत नाही. माणूस परत आला की चौकट विचारते, ‘११:४२ पासून १२:०५ पर्यंत तुम्ही कीबोर्डपाशी नव्हता. हा वेळ?’ खाली तीन बटणं: कामाचा होता, सुट्टी होती, दुसऱ्या कामाचा होता. ‘कामाचा होता’ दाबलं तर एक ओळ लिहावी लागते. ‘मांडणी कागदावर काढली’ एवढं पुरे. ती ओळ क्लायंटला दिसते, आणि हा वेळ हातानं कबूल केलेला आहे हेही दिसतं. वाक्यात ‘निष्क्रिय’ हा शब्द मी ठरवून ठेवला नाही. यंत्राला एवढंच माहीत असतं की बटण दाबलं गेलं नाही. त्यापुढचं माणसानं सांगायचं.

बाकीचा त्रास घड्याळाचा. इथं लाइन जाते. लॅपटॉप जुना, बॅटरी थकलेली, म्हणजे यंत्र मध्येच बंद. म्हणून अ‍ॅप दर मिनिटाला लॅपटॉपमधल्याच फाइलमध्ये एक ओळ लिहून ठेवतं. नेट आलं की ती वर जाते. लाइन गेली तर फार तर शेवटचं मिनिट जातं. सेकंडहँड लॅपटॉपमध्ये आतला सेल मेलेला असला तर आणखी एक गंमत होते. सुरू झाल्यावर यंत्र कोणत्यातरी जुन्याच वर्षात असतं आणि नेट जोडल्याबरोबर एकदम आजवर येतं. सुरुवातीची वेळ शेवटच्या वेळेतून वजा केली की चहा पिण्याएवढ्या वेळाच्या कामाला काही वर्षं लागलेली दिसतात. यावर उपाय म्हणजे तारीख-वेळ सांगणाऱ्या घड्याळावर विसंबायचंच नाही. यंत्राच्या आत दुसरं एक घड्याळ असतं, ते तारीख सांगत नाही, फक्त पुढे चालतं. कालावधी त्यावर मोजायचा, तारीख नंतर लावायची. लिनक्सवर हे घड्याळ दोन प्रकारचं आहे: एक लॅपटॉप झोपला की थांबतं, दुसरं चालूच राहतं. आम्ही दोन्ही वाचतो. दोघांतला फरक म्हणजे झाकण मिटून गेलेला वेळ.

अमेरिकेच्या घड्याळाची वेगळीच तऱ्हा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे काटे तासभर पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. न्यूयॉर्कच्या सकाळी दहाची बैठक आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला. म्हणून नोंदीत ‘साडेनऊ तासांचा फरक’ असं काही लिहायचं नाही, शहराचं नाव लिहायचं.

भांडणं मात्र यापेक्षा फार साध्या गोष्टींवर होतात. वीस मिनिटांची तीन कामं केली. तासाच्या दशांशात दाखवली तर प्रत्येक ०.३३, बेरीज ०.९९, आणि खाली बिल १.०० तासाचं. क्लायंट विचारतो, हा शंभरावा भाग कुठून आला? प्रश्न रास्त आहे. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक नोंद पंधरा मिनिटांना पूर्ण करायची चाल: चार-चार मिनिटांच्या पाच नोंदी, खरा वेळ वीस मिनिटं, बिल पंचाहत्तर मिनिटांचं. म्हणून आमच्या अ‍ॅपमध्ये सेकंद साठवतो, तास-मिनिटं दाखवतो, आणि पूर्णांक करायचाच असेल तर आठवड्याच्या बेरजेवर एकदाच, तोही नियम करारात आधी लिहून.

कापूस वेचणीच्या दिवसात संध्याकाळी वजन होतं तेव्हा वेचणाऱ्या बाया काट्यापाशी उभ्या असतात. मालक वहीत लिहितो, पण आकडा दोघांनी एकदमच बघितलेला असतो. आठवड्याचा तक्ता मी तसाच केला. फ्रीलान्सरला जे दिसतं तेच क्लायंटला दिसतं; फक्त काम करणाऱ्याला आधी. रविवारी रात्री फ्रीलान्सर तक्ता वाचतो, दुरुस्त करतो, मग पाठवतो. दुरुस्ती पुसली जात नाही. जुना आकडा, नवा आकडा आणि कारण तिन्ही राहतात. ‘हालचाल ६४ टक्के’ असला रकाना तक्त्यात ठेवलेला नाही. त्या जागी ‘काय झालं’ हा रकाना आहे. टक्केवारी दिसली की क्लायंट टक्केवारीच वाचतो, आणि मग काम करणाराही टक्केवारीसाठीच माउस हलवतो.

फोटोनं हजेरी पक्की होते हा समज किती टिकतो, ते रोजगार हमीच्या कामांवर दिसलं आहे. १ जानेवारी २०२३ पासून तिथे मोबाइल अ‍ॅपवरून दिवसातून दोनदा, वेळ आणि ठिकाणासह फोटो सक्तीचे झाले. २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच राज्यांना कळवलं की भलतेच फोटो, फोटोंचे फोटो चढवले जात आहेत. नेट आलं नाही म्हणून खरी हजेरी बुडालेले मजूर वेगळेच.

तरीही नोंद नकोच असं मी म्हणणार नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच असावं हे होतं, आणि मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत मिळावा हेही होतं. रविवार मिळायला १० जून १८९० उजाडला. वेळ ठरवून आणि लिहून मिळावी ही कामगारांची मागणी होती. घरी बसून रात्री अकरापर्यंत परदेशी काम करणाऱ्या पोराला ती आजही लागू आहे. म्हणून अ‍ॅपमध्ये ठरलेल्या तासांपुढे काम गेलं तर तो आकडा वेगळ्या रंगात येतो, दोघांच्याही पडद्यावर.

स्क्रीनचे फोटो मुळात बंदच ठेवले आहेत. करारात क्लायंटनं मागितलेच तर धूसर आणि लहान, आणि ते आधी काम करणाऱ्यासमोर येतात. त्याच स्क्रीनवर बँकेचा निरोप असतो, आईचा दवाखान्याचा कागद असतो. मॅकवर २०१९ पासून असा फोटो घ्यायला वापरणाऱ्याची परवानगी लागते, लिनक्सच्या नव्या पडदा-व्यवस्थेतही विचारावं लागतं. प्रोग्रॅमर यावर कुरकुर करतात. मला ही अडवणूक हवीच होती.

सध्या डोकं लागलंय ते एका लॅपटॉपवर काम करणाऱ्या दोघा भावंडांपाशी. सकाळी बहीण अकाउंट लिहिते, रात्री भाऊ डिझाइन करतो, आणि विंडोजचं खातं एकच. ते वेगळं करा म्हणणं सोपं आहे, घरात कोणी करत नाही. म्हणून घड्याळ सुरू करण्याच्या बटणावरच आता दोन नावं येतात, आणि एकाची नोंद दुसऱ्याला उघडता येत नाही. बहिणीला सुट्टी असेल तेव्हा तिचं नाव भावानं दाबलं तर काय, यावर अजून आमचं ठरायचं आहे.