दूरच्या नेमाची रायफल

फैजपुराच्या उत्तरेस सातपुड्याची निळी रांग दिसते. एके काळीं त्या डोंगरांत रायफल म्हणजे शिकार, हें समीकरणच होतें. १८२५ सालीं खानदेशांत आलेल्या जेम्स औट्रमची ख्याति भिल्ल पलटणीइतकीच वाघांच्या शिकारीनेंही झाली. तें युग संपलें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर कडक निर्बंध आले आणि १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीच्या परवान्यांची सोयही गेली. पिकांची नासधूस करणाऱ्या जनावरासाठींसुद्धां वनखात्याची लेखी परवानगी लागते. त्यामुळें दूरच्या नेमाची रायफल आज घ्यावयाची, ती चांदमारीच्या निशाणासाठींच.

परंतु शिकाऱ्याला पडणारा प्रश्न नेमबाजाला सुटलेला नाहीं. पैसा थोडा व वस्तु महाग. तेव्हां आधीं काय घ्यावें आणि मागून काय? केळीच्या एका हंगामाची शिल्लक मुलाच्या रायफलींत घालणाऱ्या बापाला येथें चूक परवडत नाहीं.

अंतर वाढलें कीं चूकही वाढते, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. रायफलीवरील मागचा नेम व पुढची माशी यांत सत्तर सेंटिमीटर अंतर आहे असें धरूं. माशी केसाएवढी, म्हणजे ०.१ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर गोळी जवळजवळ दीड मिलिमीटर ढळते आणि ५० मीटरवर सात. त्या अंतरावरील निशाणाचें दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर रुंद असतें. त्यांत गुरुत्वाकर्षणाची भर पडते. सेकंदाला सुमारें ३२० मीटर गतीनें निघालेली .२२ ची गोळी ५० मीटर जाईपर्यंत साडेबारा सेंटिमीटर खालीं येते. १०० मीटरवर अर्ध्या मीटरहून अधिक. अंतर दुप्पट, तर उतार चौपट! प्रत्येक गोळीची गति सारखी असेल, तरच नेम लावतांना हा उतार बिनचूक धरतां येतो. म्हणून दूरच्या नेमांत जोरापेक्षां सारखेपणाला मोल आहे.

आतां निवड. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची रायफल जुन्या घरांतून अजून आढळते. इंग्रजी अमदानींत लष्करी मापाचीं हत्यारें खाजगी माणसाला मिळत नसत, म्हणून हें निराळें माप प्रचारांत आलें. मात्र स्वस्त मिळते म्हणून स्पर्धेसाठीं ती घेणें व्यर्थ होय. ५० मीटरच्या स्पर्धेंत.२२ चीच रायफल चालते. आरंभ १० मीटरच्या हवेच्या रायफलीनें करावा. साडेचार मिलिमीटर छर्‍याच्या, २० ज्यूलपेक्षां अधिक जोर नसलेल्या अशा रायफलीस परवाना लागत नाहीं. काडतुसाच्या रायफलीस तो लागतोच, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकास दोनच हत्यारें बाळगतां येतात. तेव्हां पहिले कांहीं महिने क्लबाच्या रायफलीवर हात बसवावा, हें उत्तम.

रायफल घेतल्यावर सुधारणेचा मोह पडतो. पैसा काढण्यापूर्वीं एक साधी परीक्षा घ्यावी. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून दहा गोळ्या झाडाव्या. मग उभें राहून दहा. टेकवून झाडलेल्या गोळ्या एकवट लागल्या आणि उभ्यानें झाडलेल्या विखुरल्या, तर दोष माणसाचा. त्यावर पैशाचा उपाय नाहीं, सरावाचा आहे. दोन्हीकडे विखुरल्या, तर रायफल किंवा काडतूस तपासावें. एकाच जागीं पण निशाणापासून दूर लागल्या, तर नुसता नेम फिरवावा. त्याला दमडीही पडत नाहीं.

खर्च करावयाचाच, तर पायरीपायरीनें. पहिली पायरी दस्त्याची: त्याची लांबी व गालाचा टेकू अंगाच्या मापाचा हवा. दुसरी काडतुसांची: दोनचार प्रकारचीं थोडथोडीं आणून पाहावीं आणि जीं त्या नळीला मानवतील तींच एकगठ्ठा घ्यावीं. तिसरी चापाची: तो हलका व रोज सारखाच सुटणारा हवा, हें काम परवानाधारक कारागिराकडेंच द्यावें. मग नेमाचीं भिंगें, पट्टा, जाकीट. नळी सर्वांत शेवटीं. एका वेळीं एकच वस्तु बदलावी आणि निकाल वहींत टिपावा. दोन एकदम बदलल्या, तर गुण कोणाचा तें कधींच कळत नाहीं.

दस्ता पहिला कां, याचें उत्तर कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेच्या खेळांत मिळतें. २०२४ सालीं पॅरिसला त्यानें ५० मीटर रायफलीचें कांस्यपदक जिंकलें. ह्या स्पर्धेंत गुडघ्यावर, पालथें पडून आणि उभ्यानें, अशा तीन आसनांत नेम धरावा लागतो. रायफल एकच, परंतु प्रत्येक आसनाला दस्ता निराळा जुळवावा लागतो. माणसानें रायफलीसाठीं वांकावयाचें नसतें. रायफल माणसाला जुळवून घ्यावयाची असते.

राहिली गोष्ट घराची. रायफल आणि काडतुसें निरनिराळ्या कुलपांत असावीं व दोन्ही किल्ल्या मोठ्यांच्या हातीं. रिकामी असल्याची दोनदां खात्री करून, कारखानदारानें मुभा दिली असेल तर, रोज वीस मिनिटें बिनगोळीचा नेम धरावा. श्वास, डोळा व बोट यांचा मेळ त्यानेंच बसतो. सर्व सुधारणांत ही एकच फुकट आहे, आणि हिच्यावांचून बाकीच्या सर्व वायां जातात.