जुन्या भिंतीला चुनाच हवा
चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअस उष्णतेत भाजली, की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवून, मुरवून, वाळूसह घाणीत दगडी चाकाखाली मळला, म्हणजे जो गिलावा सिद्ध होतो, तो हवेतील कर्बाम्ल वायू शोषून सावकाश पुन्हा चुनखडीचेच काठिण्य धारण करतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून भिंतीतील ओल बाहेर पडते. परंतु त्यावर सिमेंटचा थर चढविल्यास ती आत कोंडते, क्षार साचून लोणा लागतो आणि विटांचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून वडिलार्जित वाड्याच्या दुरुस्तीची तजवीज करताना चुन्याचे काम जाणणारा गवंडी आधी शोधावा, आणि छपराची गळती बंद करून मगच गिलाव्याला हात घालावा.